शब्द अडला तर

वाचता वाचता एखादा शब्द अडतो. काही वाचक तिथेच थांबतात, मोबाइल काढतात, अर्थ शोधतात, त्या निमित्ताने आलेले चार निरोपही वाचून घेतात, आणि परत येईपर्यंत गोष्टीचा धागा सुटलेला असतो. दुसरे काही जण शब्दाकडे काणाडोळा करून पुढे सरकतात. ते पुस्तक संपवतात, पण लेखकाने लिहिलेलंच त्यांनी वाचलं असेल याची खात्री नाही. या दोन्हींच्या मधली एक सवय आहे. अर्थाचा अंदाज बांधायचा, तो कच्चाच ठेवायचा आणि पुढच्या दोन-चार वाक्यांत तो टिकतो का ते बघायचं. टिकला तर वाचत राहायचं, मोडला तर मागे यायचं. मराठीत ही सवय लावणं तसं सोपं आहे, कारण मराठी वाक्य अनोळखी शब्दाबद्दल बरंच काही आपणहून सांगत असतं.

कसं, ते पाहण्यासाठी एक उतारा घेऊ. प्रसंग मी इथे मुद्दाम रचला आहे, पण त्यातले शब्द मोटेच्या काळातली ग्रामीण कथा-कादंबरी वाचणाऱ्याला हमखास भेटणारे आहेत.

‘दिवस कासराभर वर आला तशी आप्पानं मोट धरली. बैल धावेवरून खाली उतरू लागले, नाडा ताणला गेला आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी झाली. पाणी पाटानं पळत वाफ्यांकडं निघालं. तिथं गोदा फावडं घेऊन दारं धरत होती.’

मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी, एवढं ठाऊक आहे असं धरू. बाकीचं वाक्यांकडूनच काढून घ्यायचं.

‘दिवस’ हा शब्द ओळखीचा, पण इथे तो ‘वर आला’ आहे. आकाशात वर येतो तो सूर्य. म्हणजे इथला दिवस सूर्यच. मग ‘कासराभर’. शेवटचं ‘भर’ आपल्याला मूठभर, हातभर, कोसभर यांतून माहीत आहे. ते माप सांगतं. त्याअर्थी कासरा ही लांबी असलेली काहीतरी वस्तू असणार आणि सूर्य क्षितिजापासून तेवढा वर चढला असणार. बैल आवरायच्या दोराला कासरा म्हणतात हे तुम्हाला माहीत नसलं तरी सकाळ थोडी वर आली आहे हे कळलं, आणि गोष्टीला तूर्त तेवढंच हवं आहे.

‘धावेवरून’ वाचल्यावर पहिल्यांदा धावणं आठवतं. बैल धावत होते की काय? पण पुढे ‘खाली उतरू लागले’ आहे. उतरायचं तर जागा लागते, तीही उताराची. तेव्हा धाव म्हणजे विहिरीपासून खाली जाणारी, बैलांच्या येण्याजाण्याची उतरती वाट. ‘नाडा’ शहरातल्या वाचकाला फक्त पायजम्याचा माहीत असतो. इथला नाडा बैल उतरू लागल्यावर ताणला जातो आणि तो ताणला की मोट वर येते. एका टोकाला बैल, दुसऱ्या टोकाला पाण्याने भरलेली मोट, म्हणजे तो भक्कम दोरखंडच हवा. ‘थारोळ्यात’मधला ‘त’ प्रत्यय सांगतो की ही पाणी मावणारी जागा आहे. आणि पाणी तिथून पाटाला लागतं, म्हणजे ते विहिरीच्या तोंडाशी असलेलं टाकं किंवा कुंड. हे उलगडलं की वर्तमानपत्रात शेकडो वेळा वाचलेलं ‘रक्ताच्या थारोळ्यात’ एकदम डोळ्यांपुढे उभं राहतं. तो शब्द वापरताना विहीर कुणाच्या मनात नसते, पण शब्द तिथलाच.

आता गोदा. तिच्या हातात फावडं आहे, आसपास घर नाही, आणि पाणी वाफ्यांपाशी पोहोचलं आहे. तेव्हा तिची दारं लाकडाची नाहीत. वाफ्यात पाणी शिरायला जे तोंड ठेवतात ते दार. एक वाफा भरला की ते मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं.

शब्दकोश न उघडता पाच शब्द सुटले. त्यासाठी फार मोठी बुद्धी लागली नाही. प्रत्यय बघितला, क्रियापद बघितलं, माणसाच्या हातात काय आहे ते बघितलं, आणि कशानंतर काय घडलं तो क्रम लक्षात ठेवला. ‘या शब्दाचा अर्थ काय’ या प्रश्नाने माणूस अडून बसतो. त्याऐवजी ‘हा शब्द या वाक्यात काय काम करतो आहे’ असं विचारावं. तो जागा आहे, वस्तू आहे, माप आहे की कृती, हे कळलं तरी निम्मं काम झालं.

मराठीची आणखी एक मदत आपण जवळजवळ वापरतच नाही. ती म्हणजे लिंग. ‘माळ’ पुल्लिंगी असेल तर तो उघडा, चढाचा माळ, आणि स्त्रीलिंगी असेल तर ती गळ्यातली किंवा जपाची. ‘माळावर’ आणि ‘माळेवर’ या रूपांतच ते कळतं. ‘वीट आला’ आणि ‘वीट आणली’, गळ्यात पडलेला हार आणि पदरी आलेली हार, यांचंही तसंच. शब्द पूर्ण अनोळखी असला तरी शेजारचं विशेषण आणि क्रियापद त्याचं लिंग सांगतं. पुढे कोशात एकाच स्पेलिंगखाली तीन नोंदी दिसल्या की त्यांतली नेमकी कोणती आपली, हे या खुणेवरून ठरवता येतं.

जोडशब्द ही तर मराठीने वाचकाला दिलेली आयती सोय आहे. शतकानुशतकं फारसी राज्यकारभाराची भाषा होती, त्यामुळे एकाच गोष्टीला घरचा एक आणि दरबारचा एक असे दोन शब्द झाले आणि पुष्कळदा ते जोडीने नांदू लागले. बाजारहाटमधला बाजार फारसी, हाट देशी. रीतिरिवाजमधली रीती संस्कृत, रिवाज अरबी. कागदपत्र, धनदौलत, मानमरातब यांचीही तीच तऱ्हा. एखाद्या जुन्या पत्रात नुसता ‘मरातब’ आला आणि अडला, तर तो कुठल्या जोडीत ऐकला आहे ते आठवून बघा. ‘मान’ आपोआप पुढे येतो आणि प्रतिष्ठेचा, दर्जाचा अर्थ जुळतो. ही युक्ती डोळे मिटून मात्र वापरू नये. ‘शेजारीपाजारी’मधल्या पाजाऱ्याला स्वतःचा अर्थ नाही, तो नादापुरता आलेला आहे. उलट ‘सगेसोयरे’मध्ये दोघांनाही अर्थ आहे, पण तो एक नाही: सगे रक्ताचे, सोयरे लग्नसंबंधाने आलेले. महाराष्ट्रात या एका भेदावरून किती वाद होऊ शकतो हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

शब्द फोडून बघण्याचा उपाय शाळेत सगळ्यांना शिकवलेला असतो: उपसर्ग, प्रत्यय, संधी. तो चांगलाच आहे. ‘अद्ययावत’ची अद्य आणि यावत् अशी फोड झाली की ‘आजपर्यंतचं’ हा अर्थ कळतो, आणि तो शब्द ‘अद्यावत’ असा चुकीचा लिहिण्याची सवयही सुटते. ‘मतैक्य’, ‘पुनरवलोकन’, ‘यथोचित’ हे असेच हातात घेतले की उलगडणारे शब्द. फक्त शाळेत एक गोष्ट पुरेशी ठसवलेली नसते: उपसर्ग संशय घ्यायला मदत करतो, निकाल वाक्यच देतं. ‘अनु’ने सुरू होणारे शब्द पाहा. अनुकरण, अनुगमन यांत ‘मागोमाग’ अशी छटा आहे. अनुचित, अनुदार, अनुपस्थित यांत मात्र ‘अनु’ नाहीच. तिथे नकाराचा ‘अन्’ आहे आणि पुढचा उकार ‘उचित’, ‘उदार’, ‘उपस्थित’ यांचा. ‘निर्’ निर्दोष आणि निर्धन यांत नकार देतो, पण निर्देश आणि निर्माण यांत देत नाही. ‘वि’ने विसंगत होतं, आणि विशुद्धही होतं. उपसर्गावरून अर्थ काढलात तर त्या अर्थाने वाक्य पुन्हा एकदा वाचून बघा. ते सुरळीत वाचता आलं नाही तर फोड बदला.

संस्कृत उपसर्गांची यादी पाठ करणाऱ्यांना मराठीचे स्वतःचे घटक मात्र सुचत नाहीत. ‘पोट’ घ्या. पोटभाडेकरू, पोटनिवडणूक, पोटकलम, पोटजात: मुख्य गोष्टीच्या आतली किंवा तिच्याखालची दुय्यम गोष्ट. एवढं ध्यानात असेल तर जमिनीच्या कागदात ‘पोटहिस्सा’ दिसल्यावर घाबरायचं कारण नाही. तसेच फारसी घटक. बखरी किंवा पेशवेकालीन कागद वाचताना पहिली पंधरा-वीस पानं जड जातात ती बहुतेक यांच्यामुळे, आणि नंतर वाचन वेग घेतं तेही हे ओळखीचे झाल्यामुळे. ‘खाना’ म्हणजे ठिकाण हे तोफखाना, दवाखाना, कारखाना यांवरून आपल्याला माहीतच आहे. मग जामदारखाना, आबदारखाना, मुदपाकखाना, शिलेखाना, पीलखाना अशी रांग समोर आली की ही राजवाड्याची वेगवेगळी खाती आहेत एवढं तर नक्की होतं. ‘आब’ म्हणजे पाणी, पंजाबमधलं तेच पाच नद्यांचं. तेव्हा आबदारखाना पिण्याच्या पाण्याचा. ‘मुदपाक’मधला पाक स्वयंपाकघराकडे नेतो. शिलेखाना शस्त्रांचा आणि पीलखाना हत्तींचा, हे एकेकट्या शब्दावरून कळणार नाही, पण मजकुरात पुढेमागे तलवारी किंवा माहूत आले की कळेल. ‘नीस’ म्हणजे लिहिणारा: फडणीस, चिटणीस, सबनीस. ही आडनावं सोसायटीच्या पत्रपेट्यांवर रोज दिसत असूनही आपण ती कधी वाचलेली नसतात.

आतापर्यंत अनोळखी शब्दांबद्दल बोललो. माझ्या मते वाचकाची खरी फसगत करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. अनोळखी शब्दापाशी निदान आपण थबकतो. ओळखीच्या शब्दावर कुणी थांबत नाही, आणि तो दुसऱ्याच काळातला असला तर आजचा अर्थ घेऊन आपण बिनधास्त पुढे जातो. बखरीत गडाला ‘मोर्चे लावले’ असं येतं तेव्हा तिथे घोषणा देणारी माणसं नसतात. वेढा घालणाऱ्या फौजेने तोफा-बंदुकांचा मारा करण्यासाठी धरलेल्या जागा असतात. ‘दप्तर’ म्हणजे सरकारी कागदपत्रांचा साठा. पाठीवरचं शाळेचं दप्तर हा त्याचा नंतरचा अवतार. जुन्या न्यायनिवाड्यात ‘राजीनामा’ आला तर कुणी नोकरी सोडली असं समजू नका. ‘राजी’ म्हणजे कबूल. वादी-प्रतिवादी आपसांत राजी होऊन जो कागद लिहून देतात तोही राजीनामाच. ‘अपरोक्ष’ची तर आणखी गंमत आहे. रोजच्या मराठीत माझ्या अपरोक्ष म्हणजे माझ्या पाठीमागे. वेदान्तावरच्या पुस्तकात मात्र अपरोक्ष ज्ञान म्हणजे अगदी थेट, प्रत्यक्ष झालेलं ज्ञान. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘अपरोक्षानुभूती’ या ग्रंथाचं नाव रोजच्या अर्थाने लावलं तर ग्रंथ उघडण्याआधीच उलटा समजेल. असे शब्द पकडायची खूण एकच: वाक्यातला प्रत्येक शब्द माहीत आहे आणि तरी वाक्य खडखडतं आहे. अशा वेळी मागे जा आणि सगळ्यांत साधा दिसणारा शब्द आधी तपासा.

प्रत्येक शब्द सोडवत बसायचं नाही, हेही शिकावं लागतं. कोकणावरच्या पुस्तकात माशांची नावं येतील, वऱ्हाडावरच्या पुस्तकात पिकांची आणि गवतांची, जुन्या सामाजिक कादंबरीत दागिन्यांची. ‘हा कुठलासा दागिना’ एवढं कळलं तर पहिल्या वेळी सोडून द्या. तोच शब्द तिसऱ्यांदा आला, किंवा कुणी त्या दागिन्यासाठी रडायला, भांडायला लागलं, तर मात्र थांबा. लेखकाला तो महत्त्वाचा वाटतो आहे. अंदाजालाही मर्यादा असते. इंग्रजी शिकणाऱ्या वाचकांवरचा २००० साली प्रसिद्ध झालेला हू आणि पॉल नेशन यांचा अभ्यास या विषयात वारंवार सांगितला जातो. कुणाच्या मदतीशिवाय कथा नीट समजायची तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. मराठीला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण ओळीओळीला शब्द अडू लागला तर तिथे अंदाजाला आधार उरत नाही, हे कुणालाही पटेल. अशा वेळी स्वतःला दोष न देता शेवटी शब्दार्थ दिलेली आवृत्ती घ्यावी, किंवा त्याच बोलीतलं सोपं पुस्तक आधी वाचावं.

शब्दार्थांवरून आठवलं. पाठ्यपुस्तकात धड्याखाली शब्दार्थ छापलेले असतात आणि मुलं धडा वाचायच्या आधी तेच पाठ करतात. घरी मुलाला वाचायला बसवाल तेव्हा ती यादी हाताने झाका. धडा संपेपर्यंत त्याला अंदाज बांधू द्या आणि मग हात काढा. चुकलेला अंदाज मुलं जास्त दिवस लक्षात ठेवतात, आणि त्यावर हसूनही घेतात.

शब्दकोशाचं काम अंदाजानंतर सुरू होतं. अंदाज हातात असला की कोशातल्या सहा अर्थांपैकी कोणता आपला हे पटकन कळतं. नाहीतर माणूस पहिला अर्थ उचलतो आणि तो बरेचदा चुकीचा निघतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. शेती, घर, जनावरं, देवाणघेवाण यांतले एकोणिसाव्या शतकातले शब्द शोधायला आजही त्याच्याइतका उपयोगी दुसरा कोश नाही. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात आले, त्यात अर्थ मराठीतूनच दिलेले आहेत आणि बोलींतले, जुन्या ग्रंथांतले शब्दही भरपूर आहेत. शब्द कुठून आला हे पाहायचं असेल तर कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात.

शोधताना दोन गोष्टींपाशी हमखास अडतं. एक, पुस्तकात शब्द सामान्यरूपात असतो आणि कोशात मूळ रूपात. ‘थारोळ्यात’ शोधून काही मिळणार नाही. ‘थारोळे’पर्यंत मागे जावं लागतं. तसंच सुनेनं म्हणजे सून, वाफ्यात म्हणजे वाफा. दुसरी अडचण जुन्या लेखनाची. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण जुन्या कोशांत ते आहेत. तिथे ‘थारोळें’ असं लिहून बघा. मोबाइलवरच्या झटपट भाषांतरावर मात्र या कामात विसंबू नका. ते शब्दाला एक इंग्रजी प्रतिशब्द देऊन मोकळं होतं आणि गोदेच्या हाती घराची दारं देऊन टाकतं.

कोशाहून चांगली पुष्कळदा माणसं असतात, फक्त त्यांना विचारायची पद्धत हवी. आजोबांना ‘थारोळं म्हणजे काय हो?’ विचारलंत तर ‘थारोळं म्हणजे थारोळंच की’ असं उत्तर येईल. ‘मोट कशी चालायची?’ असं विचारा. ते विहिरीपासून वाफ्यापर्यंत सगळं सांगतील आणि तुमच्या पुस्तकात नसलेले चार शब्द वर देतील.

इतका वेळ अंदाजाची बाजू घेतली, पण एका प्रकारच्या वाचनात तो अजिबात चालत नाही. तो प्रकार म्हणजे जिथे तुमची सही लागते ते कागद. सातबाऱ्यावरचा ‘आकार’ म्हणजे जमिनीची लांबी-रुंदी नव्हे. तो रुपये-पैशांतला सरकारी सारा. ‘पोटखराबा’ म्हणजे त्या गटातलं लागवडीला अयोग्य ठरवलेलं क्षेत्र. ‘भोगवटादार वर्ग २’ नुसता दुसऱ्या क्रमांकाचा मालक वाटतो, पण तशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘खत’ इथे शेतात टाकायचं नसतं. ते दस्तऐवजाचं नाव आहे. आणि ‘साठेखत’ हे शब्दावरून काढायला गेलात तर साठवणुकीकडे जाल. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. त्याने मालकी येत नाही. मालकी येते ती नोंदणी झालेल्या खरेदीखताने. पैसे देऊन साठेखत हाती आलं की घर आपलं झालं असं समजणारी शिकलीसवरलेली माणसंही कमी नाहीत. असा कागद वाचताना ज्या शब्दाचा अर्थ तुम्ही अंदाजाने लावला असेल त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांखालीसुद्धा, आणि सही करण्याआधी तो कागद घेऊन वकिलाकडे किंवा तलाठ्याकडे जा.